दोन बुलेट, उलटे पाय



ज्यांनी या भागाचा व्हिडिओ पाहिलाय त्यांना आठवत असेल, त्या दिवशी माझ्यामागे दोन गाड्या डबल स्टँडवर उभ्या होत्या. एक काळी बुलेट 350, 1986 ची, नोकरीत असताना कँटीनमधून घेतलेली. दुसरी क्लासिक 350, 2022 ची, निवृत्तीनंतर हौसेने घेतलेली. लांबून पाहिलं तर थोरली आणि धाकटी बहीण वाटावी इतकं साम्य. पण दोघींवर बसून पाय ठेवले की कळतं, एक दुसरीच्या बरोबर उलटी आहे. जुनीचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. नवीचा गिअर डाव्या पायाला, ब्रेक उजव्या पायाला.

बेळगावहून, इंदूरहून आणि बडोद्याहून, तिन्ही ठिकाणच्या मंडळींनी साधारण एकच प्रश्न विचारला होता. घरात वडिलांची जुनी बुलेट आहे, मुलाची नवी गाडी आहे. जुनीचे पाय नवीसारखे करून घेता येतात का? एकाने तर सरळ विचारलं की नवीचं ब्रेकचं पायडल काढून जुनीला उजवीकडे लावलं तर चालेल का. हा प्रश्न मी स्वतः वर्षभर डोक्यात घेऊन फिरलोय, त्याची किंमतही मोजलीय. मी मोजली असं म्हणतो, पण खरं तर माझ्या बायकोने मोजली. ते आधी सांगतो.

आम्ही बंगळुरूला दोमलूरला राहतो. 2023 च्या पावसाळ्यात आठ-दहा दिवस मी रोज नवी क्लासिकच चालवत होतो. एका रविवारी सकाळी बायको म्हणाली, "अहो, आज जुनी काढा, कितीतरी दिवस झाले तिच्यावर बसून." काढली. ओल्ड एअरपोर्ट रोडवर गर्दी नव्हती, तिसऱ्या गिअरमध्ये पस्तीस-चाळीसच्या वेगाने चाललो होतो. पुढची ऑटो प्रवासी दिसल्याबरोबर जागच्या जागी थांबली. बंगळुरूत हे रोजचंच आहे, ऑटोवाल्याला दोष देत नाही. माझा उजवा पाय पूर्ण ताकदीने खाली गेला. आणि गाडी थांबलीच नाही. क्लच दाबला गेला होता, त्यामुळे उजव्या पायाने तिसऱ्यातून चौथा गिअर टाकला, एवढंच झालं. पुढचा ब्रेक हाताने दाबला तेव्हा ऑटोचा मागचा बंपर हातभर अंतरावर होता.

मला काही झालं नाही. बायको डाव्या बाजूला पडली, मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. रस्त्यावर बसल्या बसल्या तिने एकच प्रश्न विचारला, "ब्रेक का नाही लावला?" मी म्हटलं, लावला. ती म्हणाली, "मग थांबली का नाही?" उत्तर मला ठाऊक होतं, पण द्यायला लाज वाटत होती. चाळीस वर्षं बुलेट चालवणारा माणूस ब्रेक समजून गिअरवर पाय देतो, हे सांगायचं कसं?

आता हा उलटसुलट प्रकार आला कुठून ते बघू.

बुलेट मूळची इंग्लंडची, रेडिचच्या कारखान्याची. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांना गिअर उजव्या पायाला असे. ट्रायम्फ, नॉर्टन, बीएसए, सगळ्यांचं तसंच. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या लष्कराने सीमेवरच्या कामासाठी बुलेट मागवल्या आणि 1955 मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. गाडी इंग्रजांची, म्हणून पायही इंग्रजांचेच. तिकडे म्हैसूरला साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून आयडियल जावा चेकोस्लोव्हाकियाची जावा बनवू लागली, जी पुढे 1973 पासून येझदी या नावाने आली. तिचा गिअर डाव्या पायाला, आणि तोच दांडा आत दाबून वर फिरवला की किक. म्हणजे दक्षिणेत दोन कारखाने, एक म्हैसूरला, एक मद्रासला, दोघांचे पाय उलटे, आणि बंगळुरू बरोबर मधे. इथल्या जुन्या मिस्त्रींना विचारा. येझदीवाल्याने मित्राची बुलेट मागून घेतली आणि पहिल्याच चौकात फजिती झाली, असा एक तरी किस्सा प्रत्येकाकडे असतो.

जगात हा घोळ मिटवला अमेरिकेने. सप्टेंबर 1974 नंतर तयार होणाऱ्या मोटरसायकलींना गिअर डाव्या पायाला आणि मागचा ब्रेक उजव्या पायाला हवा, असा त्यांच्या वाहन-सुरक्षेचा नियम आला. जपानी गाड्या आधीपासून तशाच होत्या. पंचाईत झाली ब्रिटिशांची, कारण त्यांचं मोठं गिऱ्हाईक अमेरिकेतच होतं. ट्रायम्फ आणि नॉर्टनने 1975 च्या सुमारास गिअर डावीकडे नेला. आपल्याकडे असा दट्ट्या कुणी लावला नाही. त्यामुळे देशात विकली जाणारी साधी बुलेट 2000 नंतरचं दशक संपत येईपर्यंत उजव्या गिअरची येत राहिली. त्याच काळात थंडरबर्डसारखी डाव्या गिअरचीही येत होती. एकाच दुकानात, एकाच कंपनीच्या, दोन तऱ्हेच्या पायांच्या गाड्या.

आता महाराष्ट्रातल्या माणसाचा विचार करा. आमच्या पिढीत घरोघरी बजाज चेतक किंवा प्रिया. तिचा गिअर हातात, पण पायाचा ब्रेक उजव्या पायाला. पुढे मोटार आली, ब्रेक उजव्या पायाला. लष्करात मी जीप चालवली, जोंगा चालवली, शक्तिमान ट्रकही चालवला, सगळीकडे थांबवायचं काम उजव्या पायाचं. जन्मभरात डाव्या पायाने थांबणारी एकच गाडी भेटली, जुनी बुलेट. तरी मी ती चालवू शकत होतो, कारण 1983 मध्ये पठाणकोटला आमच्या उस्तादांनी ती माझ्याकडून घोटून घेतली होती. आधी तीन दिवस इंजिन बंद. गाडी स्टँडवर, मी वर, आणि ते शेजारी उभे राहून ओरडत, "ब्रेक! गिअर! ब्रेक!" पाय चुकला की उतरून मैदानाला एक चक्कर. तेव्हा मला हा शुद्ध वेडेपणा वाटायचा. नवी क्लासिक घेईपर्यंत त्या तीन दिवसांची पुण्याई टिकली. आठ-दहा दिवस सलग उलट चालवल्यावर संपली.

नेमकं काय चुकतं ते नीट समजून घ्या. "पाय गोंधळतो" एवढं म्हणून भागत नाही, कारण प्रत्येक गोंधळाचा परिणाम वेगळा.

जुन्या बुलेटला चार गिअर. पहिला वर उचलून, बाकीचे तीन खाली दाबून. नव्या गाडीला पाच, पहिला खाली दाबून, बाकीचे वर. म्हणजे नुसती बाजूच नाही, दिशाही उलटी. नव्याची सवय घेऊन जुनीवर बसलात आणि घाबरून उजवा पाय दाबलात, तर गाडी वरच्या गिअरमध्ये जाते. मागचा ब्रेक नाही आणि इंजिनची अडवणूकही कमी. माझं झालं ते हेच. त्याच सवयीने वळणाआधी गिअर उतरवायला डावा पाय दाबलात, तर मागचा ब्रेक कचकन लागतो. ओल्या रस्त्यावर चाक लॉक होतं, आणि मागून येणाऱ्याला काही कळायच्या आत तुम्ही त्याच्यासमोर थांबलेले असता.

आता उलट बाजू. जुनीची सवय घेऊन नवीवर बसलात आणि ब्रेक म्हणून डावा पाय दाबलात, तर गिअर एक खाली जातो. हिसका बसतो, पण निदान गाडी थोडी तरी मंदावते. आणि गिअर वाढवायला उजवा पाय दाबलात, तर विनाकारण ब्रेक लागतो. चारही चुका वाईटच. पण मला विचाराल तर पहिली सगळ्यांत वाईट. बाकीच्या तिन्हींत गाडीचा वेग कमी तरी होतो. पहिलीत माणूस पूर्ण जोर लावतो आणि गाडी ऐकतच नाही.

आणि वेळ किती असतो? चाळीसच्या वेगाने गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. पाय चुकला हे मेंदूला कळून दुसरा पाय हलेपर्यंत एक सेकंद गेला असं धरा, म्हणजे एका बसच्या लांबीइतकं अंतर फुकट गेलं. माझ्याकडे तेवढंही नव्हतं.

आता मूळ प्रश्न. प्लास्टर उतरलं त्या आठवड्यात माझी मुलगी म्हणाली, "बाबा, जुनीचे पाय बदलूनच टाका ना. म्हणजे मलाही चालवता येईल." मुलगी इथेच नोकरी करते, नव्या गाड्यांवर शिकलेली आहे, हात चांगला आहे. मलाही पटलं. काळासीपाळ्यम आणि जे. सी. रोडचा सुट्या भागांचा बाजार आमच्यापासून फार लांब नाही. तिथे एक मिस्त्री आहेत, माझ्याच वयाचे, बुलेटशिवाय दुसऱ्या गाडीला हात न लावणारे. त्यांच्याकडे गेलो. दखनीत बोलणं झालं. त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं ते असं, की पायडल बदलायला दहा मिनिटं लागतात कर्नलसाब, पण पायडलच्या मागे जे आहे त्याचं काय?

हे "मागे जे आहे" तेच खरं प्रकरण. जुन्या बुलेटची गिअरपेटी इंजिनपासून वेगळी असते. क्लच, त्याची चेन आणि मागच्या चाकाची चेन हे सगळं गाडीच्या डाव्या अंगाला. गिअर बदलणारी यंत्रणा पेटीच्या उजव्या झाकणात, म्हणून गिअरचा दांडा उजवीकडूनच बाहेर येतो. किकही उजवीकडे. न्यूट्रल शोधायची ती छोटी दांडी, जी जुन्या बुलेटवाल्यांचं पहिलं प्रेम असते, तीही तिथेच. आणि मागचा ब्रेक? मागच्या चाकाचा ड्रम डाव्या अंगाला, चेनच्या चाकाला जोडूनच. डावं पायडल, तिथून सरळ मागे जाणारा लोखंडी रॉड, आणि ड्रमची दांडी. सरळ रेषा. बिघडायला त्यात फारसं काही नाही.

म्हणून नव्या गाडीचं पायडल जुनीला लावणं हा विचार सोडून द्या. ते बसतच नाही, आणि बसवलं तरी कशाला जोडणार? नव्या गाडीत पायडलला तेलाच्या दाबाचा डिस्क ब्रेक जोडलेला आहे, त्यात एबीएस. जुनीत लोखंडी रॉड. बडोद्याच्या मंडळींना उत्तर मिळालं असेल.

मग लोक करतात काय? गाडीच्या आरपार एक आडवा दांडा टाकतात. ही काही रस्त्यावरची जुगाड कल्पना नाही. अमेरिकेसारख्या देशांत पाठवायच्या बुलेटला कारखान्यानेच चार गिअरच्या पेटीवर अशी जोडणी बसवली होती. उजवीकडच्या गिअरच्या टोकाला एक दांडी, तिथून पेटीच्या मागून डावीकडे जाणारा आडवा दांडा, आणि तिकडे पायाचा गिअर. ब्रेकचं उलट, उजवीकडे पायडल, आडवा दांडा, आणि डावीकडे पुन्हा तो जुना रॉड. तसे सुटे भाग जुन्या बाजारात मिळतात, कुणी घडवूनही देतं.

मिस्त्रींकडे अशी बदललेली एक बुलेट एका गिऱ्हाइकाची उभी होती. त्यांनी फोन करून परवानगी घेतली आणि मला सांगितलं, लालबागला एक फेरी मारून या, मग बोलू. मी फेरी मारली. पहिली गोष्ट लक्षात आली ती गिअरची. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना दोनदा गिअर मधेच लटकला, ना दुसरा ना तिसरा. सरळ दांड्याला एक सांधा असतो, या जोडणीला चार-पाच. प्रत्येक सांध्यात केसाएवढी ढिलाई धरली तरी सगळ्या मिळून पायाखाली बोटभर होते. पायाला पेटीचा जो खट्ट जाणवतो, तो इथे जाणवत नाही. नवे बुश घातले की सुधारतं, वर्षभरात पुन्हा तसंच होतं.

दुसरी गोष्ट मात्र मला हादरवून गेली. त्या गाडीचा गिअर डावीकडे आला होता, पण पहिला अजून वरच होता आणि बाकीचे खाली! कारण सोपं आहे. दांडा सरळ आरपार गेला की दोन्ही टोकं एकाच दिशेने फिरतात. उजवीकडे वर ते डावीकडेही वर. दिशा उलटी करायची तर मधे झुल्यासारखी एक दांडी लागते, जी एक टोक खाली गेलं की दुसरं वर नेते, म्हणजे आणखी दोन सांधे. ज्याने गाडी बदलून घेतली त्याला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. आता माझ्या मुलीचा विचार करा. नव्या गाडीच्या सवयीने ती गिअर वाढवायला पाय वर उचलणार, आणि पन्नासच्या वेगात तिसऱ्याचा दुसरा होणार. बाजू बदलून आम्ही तिला सांगितलं असतं की बेटा, आता गाडी तुझ्या ओळखीची आहे. आणि ती तशी नसती. सरळसरळ उलट्या गाडीवर माणूस सावध तरी असतो.

तिसरी गोष्ट ब्रेकची. त्या गाडीचं उजवं पायडल दाबलं की आधी थोडं पोकळ जातं, मग आडवा दांडा पिळतो, मग रॉड ओढला जातो. पाय जेवढा जोर देतो तेवढा ड्रमपर्यंत पोचत नाही. मिस्त्रींनी मला खाली बसवून दाखवलं, एकाने पायडल दाबायचं आणि दुसऱ्याने डावीकडच्या टोकावर नजर ठेवायची. इकडे पायडल दोन बोटं खाली, तेव्हा कुठे तिकडे हालचाल सुरू. शिवाय आडव्या दांड्यावर ती दांडी नुसत्या एका बोल्टने आवळलेली. बोल्ट ढिला झाला, दांडी सरकली, की पायडल थेट फुटरेस्टखाली जाणार आणि मागचा ब्रेक शून्य. गिअरच्या जोडणीत गडबड झाली तर फार तर गाडी बाजूला घेऊन ढकलत न्यावी लागेल. ब्रेकच्या जोडणीत तशी सवलत नाही.

ज्यांच्याकडे आधीच अशी बदललेली बुलेट आहे, त्यांनी घाबरून विकायला काढू नका. पण एक करा. प्रत्येक सांध्यावर, दांडा आणि दांडी मिळतात तिथे, पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली म्हणजे सांधा सरकला. बाहेर काढण्याआधी एकदा खाली वाकून बघायचं. ट्रकच्या चाकांच्या नटांवर आम्ही अशाच खुणा करायचो. खर्च एका छोट्या ब्रशचा. बुश आणि सांध्यांना ग्रीस, विशेषतः पावसाळ्यानंतर, कारण तो आडवा दांडा नेमका चिखल उडतो तिथेच असतो. आणि गाडी दुसऱ्याला देताना पहिला गिअर कुठे आहे ते तोंडाने सांगा.

कायद्याचंही थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52, गाडीत परस्पर फेरफार करायला मनाई करतं. केरळमधल्या एका प्रकरणात जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कारखान्याने ठरवलेली मूळ रचना बदलता येणार नाही, हेच सांगितलं. माझी जुनी बुलेट पंधरा वर्षं कधीच ओलांडून गेलेली, दर पाच वर्षांनी तपासणीला न्यावी लागते. ब्रेकची रचना बदललेली गाडी घेऊन तिथे उभं राहायची माझी तयारी नव्हती. अपघात झाला तर विमा कंपनीशी वाद, तो वेगळाच. नव्या गाडीचे पाय जुनीसारखे करण्याचा विचारही एकाने सुचवला होता. त्यावर वेळ घालवत नाही.

तर गाडी बदलायची नाही असं ठरलं. मग माणूस बदलायचा.

मी पहिली गोष्ट केली ती किल्ल्यांची. दोन्ही किल्ल्या आधी दाराजवळच्या एकाच खुंटीवर असायच्या. आता जुनीची किल्ली आतल्या खोलीत, कपाटात. नियम असा की एका दिवशी एकच गाडी. जुनी काढायची तर आदल्या संध्याकाळीच ठरवायचं, आयत्या वेळी "चला आज हीच घेऊ" बंद. ऐकायला बावळट वाटतं. पण माझा अपघात नेमका आयत्या वेळच्या लहरीतून झाला होता.

दुसरी गोष्ट, उस्तादांची कवायत पुन्हा सुरू केली. साठी उलटलेला माणूस पार्किंगमध्ये बंद गाडीवर बसून स्वतःशीच "डावा ब्रेक, उजवा गिअर" म्हणतोय, हे पाहून आमच्या इमारतीच्या वॉचमनने बायकोकडे चौकशी केली होती. जुनी काढण्याआधी वीस वेळा. इंजिन बंद, गाडी डबल स्टँडवर, तोंडाने मोठ्याने म्हणायचं आणि पाय हलवायचा. तोंडाने म्हणणं महत्त्वाचं आहे, ते का महत्त्वाचं आहे हे मी डॉक्टरांसारखं सांगू शकणार नाही, पण फौजेत प्रत्येक कवायत तोंडाने म्हणवून घेतात आणि त्याचा उपयोग होतो एवढं मी पाहिलंय.

तिसरी गोष्ट मुलीच्या शिकवणीतून मला स्वतःलाच कळली. आमच्या घराजवळच्या एका मैदानावर रविवारी सकाळी सातला आम्ही जायचो, सलग आठ रविवार. ती जुनी बुलेट चालवायची, वेग वीसच्या वर नाही, मी शिटी घेऊन मधे उभा. शिटी वाजली की थांबायचं. कधी वाजेल ते तिला माहीत नाही. पहिल्या रविवारी दहांपैकी सहा वेळा उजवा पाय गेला. मोजत होतो मी, वहीत लिहून ठेवलंय. चौथ्या रविवारी दहांत दोनदा. मग तिनेच विचारलं, "बाबा, पाय राहू दे, हात का नाही वापरायचा आधी?"

मी उभाच राहिलो. दोन्ही गाड्यांत पुढचा ब्रेक उजव्या हातातच आहे. क्लच डाव्या हातात. हातांची अदलाबदल कुणी केलेलीच नाही! आणि जोरात थांबताना गाडीचं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याचं बरंचसं काम पुढचंच चाक करतं. मग आम्ही जुने बुलेटवाले पायावरच का जगलो? कारण जुन्या बुलेटचा पुढचा ड्रम ब्रेक बेताचाच. लायनर झिजलेले, केबल ताणलेली, त्याच्यावर विश्वास ठेवायची सवयच लागली नाही. शिवाय लहानपणी प्रत्येकाने ऐकलेलं असतं, पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील. सायकलपासूनचं ते भय.

मिस्त्रींकडून पुढच्या ड्रमचे लायनर नवे घालून घेतले, ड्रम थोडा लंबवर्तुळ झाला होता तो खराद करून घेतला, केबल नवी. जे काम अपघाताआधी व्हायला हवं होतं ते नंतर झालं. त्यानंतरच्या रविवारी शिटीवर दोघांनीही आधी हात, मग पाय, असा क्रम घोटला. हात झटक्याने नाही, पिळत पिळत दाबायचा. वाळूवर, ओल्या पांढऱ्या पट्ट्यांवर, वळणात गाडी कललेली असताना हे चालत नाही, ते मी तिला वेगळं शिकवलं आणि तुम्हीही विसरू नका. पण सरळ कोरड्या रस्त्यावर हात बरोबर गेला, तर पाय चुकला तरी गाडी थांबते.

सातव्या रविवारी दहांपैकी एकदाही चूक झाली नाही. आठव्या रविवारी मुद्दाम आधी तिला नवी क्लासिक चालवायला लावली आणि लगेच जुनीवर बसवलं. तीन चुका. म्हणून एका दिवशी एकच गाडी हा नियम तिलाही लागू झाला. ती जरा नाराज झाली. मी वही दाखवली.

इथे एक जण मला नक्की म्हणेल, कर्नल, तुम्ही उगाच घाबरवताय, आम्ही दोन्ही गाड्या मजेत चालवतो. चालवत असाल. याच बंगळुरूत, येलहंकाच्या हवाई तळावर, 19 नोव्हेंबर 2017 ला आर्मी सर्व्हिस कोअरच्या टॉर्नेडोज संघाने एका 500 सीसीच्या गाडीवर 58 माणसं बसवून विक्रम केला. माणसाला सवयीने काय काय जमतं याला सीमा नाही हे मी मानतो. पण त्यांची ती सवय रोजच्या रोज घोटलेली असते. तुमची-माझी जुनी बुलेट महिन्यातून दोनदा निघते. रोज दोन्ही चालवणाऱ्यापेक्षा, एक रोज आणि दुसरी कधीतरी चालवणाऱ्याला धोका जास्त, असं माझं मत आहे. वर्षांचा अनुभव यात मदत करत नाही. मला तर त्यानेच गाफील ठेवलं.

इंदूरच्या गृहस्थांनी वडिलांची 1978 ची बुलेट मुलाला द्यायची का, असं विचारलं होतं. द्या. पण पाय बदलून नको. आधी पुढचा ब्रेक ठीकठाक करून घ्या, एक शिटी आणा, मोकळं मैदान शोधा, आणि आठ रविवार काढा. मुलाकडे आठ रविवार नसतील तर त्याला नवीच चालवू दे. बेळगावच्या ताईंनी विचारलं होतं की गाडी आधीच बदललेली आहे, परत मूळ रूपात आणता येईल का. सहज येईल. आडवे दांडे काढायचे, डावं पायडल आणि सरळ रॉड लावायचा, उजवीकडे गिअरचा मूळ दांडा. आडवा दांडा बसवताना कुणी चौकटीला वेल्डिंग केलं असेल तर मात्र ते आधी चांगल्या मिस्त्रीला दाखवा.

आता मुलगी महिन्यातून एक-दोन रविवारी जुनी बुलेट घेऊन नंदी हिल्सच्या बाजूला जाते. मी मागून नवी घेऊन जातो, कधी कधी. सिग्नलला थांबली की तिचा डावा पाय पायडलवर आहे का ते अजून माझी नजर तपासते. तिला ते आवडत नाही.

बायकोचं मनगट बरं झालं, थंडीत दुखतं. नव्या गाडीवर ती माझ्यामागे बसते. जुन्या बुलेटवर त्या दिवसानंतर बसलेली नाही, आणि मीही तिला बस म्हटलेलं नाही.